चाळीस पावलांवरचा नळ

सूतगिरणीच्या कॅन्टीनमध्ये ती कामाला लागली तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांची होती, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या बापाच्या वयाचे कामगार तिला मावशी म्हणू लागले. वाढणाऱ्या बाईला माणसं वयाने मोठी करून टाकतात. त्यात त्यांचा स्वार्थही असतो, मावशीकडे दुसऱ्यांदा भाजी मागायला लाज वाटत नाही. तिने कधी हरकत घेतली नाही. आपणही तिला मावशीच म्हणू.

तीनशे माणसांचा स्वयंपाक म्हणजे खायचं काम नव्हे. सकाळी सहाला पातेली शेगडीवर चढायची आणि बाराच्या भोंग्याला पहिलं ताट बाहेर जायचं. तिखट-मीठ टाकायला मावशीने कधी चमचा हातात धरला नाही. मूठ, अर्धी मूठ आणि चिमूट एवढीच तिची मापं. रस्सा थेंबभर तळहातावर घ्यायचा, चाटायचा, क्षणभर समोरच्या भिंतीकडे बघायचं आणि काय कमी पडलंय ते सांगायचं. मदतीच्या बायका थट्टेने म्हणायच्या, हिच्या जिभेखाली तराजू आहे. पगार काही डोळे दिपवणारा नव्हता. पण लेक, बायको, सून, आई ही सगळी पदं तिला आपोआप मिळालेली होती, हात मात्र तिने स्वतः कमावला होता. त्याचा तिला गर्व होता, आणि असायलाच हवा होता.

नवरा बस स्थानकावर निवेदक होता. काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागते हे माईकवर सांगायचं, दर चार मिनिटांनी, दिवसभर. आवाज भरदार आणि ऐसपैस. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी थट्टा करून तिला भंडावून सोडलं होतं, अगं, हा तर 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे'! तिने लक्ष दिलं, लग्न केलं, लेक झाली, आणि पहिली पाच-सहा वर्षं संसार चारचौघांचा चालतो तसा चालला.

मग त्याचं तोंड यायला लागलं. जिभेवर पांढरा थर, गालांच्या आत सालटं निघालेली, घास गिळताना डोळ्यांत पाणी, आणि आवाज असा बसलेला की गावाला जाणारी माणसं भलत्याच फलाटावर जाऊन उभी राहायची. आठवडाभर औषध लावलं की बरं. महिना-दीड महिना गेला की पुन्हा तेच रडगाणं.

कारण शोधायला सगळं घर हात धुवून मागे लागलं. सासूबाईंना शोधावं लागलंच नाही, त्यांना ते पहिल्या दिवसापासून सापडलेलं होतं. तीनशे दांडग्या गड्यांसाठी तिखट ओतायची सवय झालेला हात, तोच घरी चालतो, माझ्या पोराच्या तोंडाची आग होणार नाही तर काय, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मावशीने घरातलं तिखट निम्म्यावर आणलं. मग आंबट बंद केलं, मग तळलेलं, मग मसाला. मीठ झोंबतं म्हणून मीठही उतरवत नेलं. टूथपेस्ट बदलली, ब्रश उकळून दिला. एका दाताची कड टोचत असेल म्हणून ती घासून आणायला लावली. पित्त असेल, रक्त कमी असेल, साखर असेल, म्हणून तपासण्या केल्या, त्यातून काही निघालं नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचे डबे रिकामे झाले. एकदा तर तिने त्याच्या माईकवरचा स्पंज घरी मागवून साबणाने धुतला. तो वाळेपर्यंत दिवसभर अख्ख्या स्थानकाने निवेदकाचा श्वास ऐकला.

थोरल्या बहिणीने तेव्हा तिला बाजूला घेऊन विचारलं होतं की हा बाहेर कुठे तोंड घालत नाही ना, तंबाखू नाही ना, बाईबिई नाही ना. कारण मधूनच संध्याकाळी जेवणानंतर तो अस्वस्थ व्हायचा, 'जरा चक्कर मारून येतो' म्हणून निघायचा आणि तासाभराने मोकळा होऊन परतायचा. मावशीने बहिणीशी सहा महिने अबोला धरला. माझं जेवण त्यांना पचत नाही म्हणून ते फिरायला जातात, असं तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आपल्याच हाताविरुद्ध दिलेली ती तिची पहिली साक्ष.

वर्षभर असं चाललं. मग एका रविवारी जेवताना नवऱ्याने पहिलाच घास तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला. सासूबाईंनी हात धुतला आणि नणंदेच्या देखत सांगितलं की आता हिने ठरवावं, नवऱ्याचं तोंड की गिरणीचं कॅन्टीन. मावशीने नवऱ्याकडे पाहिलं. तो मूग गिळून ताटाकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला. कामगारांनी तिला निरोपाला एक मोठा डाव भेट दिला. घरात चार माणसं, तो डाव कशात बुडवणार? तो माळ्यावर गेला.

त्यानंतरची सात वर्षं मावशीने आजाऱ्याचा स्वयंपाक केला. मऊ भात, उकडलेला भोपळा, पाणचट भाजी. दोन वेगळे स्वयंपाक कोण करणार, म्हणून सगळ्यांनी तेच खाल्लं. लेक पाच वर्षांची होती ती बारा वर्षांची झाली, तेच खात. सासूबाई तीन वर्षांपूर्वी वारल्या, जातानाही पथ्याची आठवण करून गेल्या. आणि नवऱ्याचं तोंड? ते दीड-दोन महिन्यांनी येतच राहिलं. मावशी मनातल्या मनात झुरायची की अजून काहीतरी माझ्याच हातून चुकतंय.

यंदा कॅन्टीनचा मॅनेजर स्वतः घरी आला. मधल्या काळात चार स्वयंपाकी होऊन गेले होते, आणि कामगार आता डबे आणायला लागले होते. त्याने सांगितलं की सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर बाहेरच्या कंत्राटदाराला देऊन टाकतो, मग ती जागा पुन्हा निघणार नाही. मावशीचे डोळे भरून आले. यांचं तोंड एकदा बरं होऊ दे, मग बघते, असं ती म्हणाली. मॅनेजरने हेच उत्तर पूर्वीही दोनदा ऐकलं होतं. चहा पिऊन तो गेला.

आणि त्याच आठवड्यात निवेदकाचा आवाज पार गेला. घोगरा वगैरे नव्हे, गेलाच. ओठ हलायचे आणि हवा यायची. कामावरून सुट्टी मिळाली. दरवेळी डॉक्टरकडे तो एकटाच आत जायचा, तिला म्हणायचा, तू कशाला, बस बाहेर. या वेळी बोलायलाच येत नव्हतं, त्यामुळे मावशी त्याच्या वतीने बोलायला आत गेली. त्याने हाताने बाहेर थांब अशी खूण केली होती, ती तिने पाहून न पाहिल्यासारखी केली.

डॉक्टरीणबाई नवीन होत्या. त्यांनी बॅटरीने तोंड पाहिलं, घसा पाहिला, काडीने पांढरा थर खरवडून पाहिला आणि विचारलं,

"दम्याचा पंप घेता का तुम्ही?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"नक्की? ओढायचं कुठलंच औषध नाही?"

पुन्हा तीच मान. मावशीला रागच आला. "डॉक्टर, यांना दमा नाही. चौदा वर्षं संसार केलाय, मला ठाऊक नसतं का?"

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या की ही बुरशी आहे. पंपाचं औषध ओढल्यावर चूळ भरली नाही तर ते तोंडात आणि घशात राहतं, त्यावर ही वाढते, आवाजही बसतो. साखर नाही, कवळी नाही, म्हणून विचारलं. मावशीने तेवढ्यात सात वर्षं मनात ठेवलेला प्रश्न विचारून घेतला, तिखट खाऊन होतं का हे?

"तिखटाने झोंबतं. तिखटाने होत नाही."

घरी येईपर्यंत मावशी डॉक्टरीणबाईंना नावं ठेवत राहिली. कालची पोर, यांना काय कळतंय. पण ते वाक्य काही तिच्या डोक्यातून जाईना. नवरा शेजारून मान खाली घालून चालत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी लेक शाळेतून यायची होती, आणि मावशी भांडी लावत होती. मागून तिला कुणीतरी खुर्ची ओढल्यासारखं वाटलं. वळून पाहते तर नवरा टेबलाला धरून वाकलेला, खांदे वरखाली होतायत, छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येतोय, ओठ निळसर पडलेले. ती पाणी घेऊन धावली, त्याने ग्लास दूर सारला. त्याने लेकीची वही ओढली, पेन्सिल धरली आणि लिहिलं: *काचेची खोली. डावा खण. दोन पंप. लवकर.*

मावशीने ते वाचलं. शेजारणीला हाक मारून त्याच्यापाशी बसवलं, काही वाढलं तर दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं, आणि पायात काय चढवलं हेही न बघता ती निघाली. स्थानक दहा मिनिटांवर होतं. ती सहा मिनिटांत पोचली.

काचेच्या खोलीत नवऱ्याच्या जागी वाहतूक नियंत्रक बसला होता. तिने नुसतं 'डावा खण' म्हटलं आणि त्याने लगेच टेबलाखालून किल्ली काढली.

"साहेबांचा पंप ना? आम्ही म्हणतच होतो, तीन दिवस कसे काढले यांनी."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक आहे, वहिनी. सकाळी आल्यावर एकदा, संध्याकाळी जाताना एकदा. रात्री जेवल्यावर त्रास झाला तर इथे येऊन ओढून जातात. त्यात लपवायचं काय?"

खणात एक निळा पंप होता, एक तपकिरी, आणि खाली चारपदरी घडी घातलेला डॉक्टरचा कागद. आठ वर्षांपूर्वीची तारीख. तपकिरी पंप रोज दोनदा, आणि पुढे लिहिलेलं: *प्रत्येक वेळी नंतर चूळ भरणे, घसा धुणे.* त्याखाली लाल पेनाने दोन रेघा. आणखी खाली, दुसऱ्या तारखेला, त्याच अक्षरात: *तोंडात बुरशी. चूळ भरत नाहीत. पुन्हा सांगितले.* ती तारीख मावशीने दोनदा वाचली. तिच्या राजीनाम्याच्या बरोबर तीन महिने आधीची.

तिने विचारलं, इथे पाणी कुठे असतं. नियंत्रक म्हणाला, आत यंत्रं आहेत म्हणून बाटली आणायला बंदी आहे, नळ तो काय, फलाटाच्या टोकाला. बाहेरची वाट नळावरूनच होती. मावशी पळत होती, मुठीत दोन पंप होते, घरी माणूस गुदमरत होता, आणि तरी तिचे पाय मोजत गेले. चाळीस पावलं भरली.

निळ्या पंपाने अर्ध्या तासात त्याचा श्वास जागेवर आला. शेजारीण गेली. मावशीने त्याला उशी दिली, कपाळ पुसलं, आणि मग तो कागद उलगडून त्याच्यापुढे ठेवला. शेजारी वही ठेवली, पेन्सिल ठेवली. त्याने पेन्सिल उचलली. मग लिहू लागला.

दमा लहानपणापासूनचा होता. लग्नाआधी आईने सांगितलं होतं की बोलू नकोस, कळलं तर नकार येईल. तू सोडून घरात, नातेवाइकांत, सगळ्यांना ठाऊक होतं. नंतर सांगायचं राहून गेलं. खिशात पंप ठेवला तर कपडे धुताना तुला सापडेल म्हणून तो कामावर ठेवला.

एवढं तिने वाचलं. नवऱ्याला दमा आहे याचं तिला काही वाटलं नाही. कुणाला काय, कुणाला काय, शरीर आहे. पण सासूबाईंचं ते 'माझ्या पोराच्या तोंडाची आग' तिच्या कानात वाजायला लागलं, आणि आता भांडायला त्याही उरल्या नव्हत्या. भांडण अर्धं तिथेच बुडालं.

"चूळ का नाही भरलीत? डॉक्टरने दोनदा सांगूनसुद्धा?"

त्याने लिहिलं: *कंटाळा. दर चार मिनिटांनी गाडी असते.*

"आणि मी नोकरी सोडली त्या दिवशी? तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं ना, हे माझ्या हाताने होत नाही म्हणून?"

 मग त्याने लिहिलं: *मी सोड म्हटलं नव्हतं.*

मावशीने ते वाक्य वाचलं आणि वही मिटली. खोटं नव्हतं ते. तो काहीच म्हणाला नव्हता. कुणी मारलं असतं, हाकललं असतं, बाई ठेवली असती, तर तिला रडायला एक जागा सापडली असती. याने फक्त गप्प बसून तिचा केसाने गळा कापला होता, आणि सात वर्षं ती त्याला मऊ भात कालवून देत होती. तिला त्या क्षणी त्याचा इतका तिटकारा आला की ती उठून दुसऱ्या खोलीत गेली आणि लेक शाळेतून येईपर्यंत तिथेच बसली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. तिने मॅनेजरला फोन करून सांगितलं की सोमवारी येते. घरात कुणाला विचारलं नाही, कुणी अडवलंही नाही. नवरा आता घरीच पंप घ्यायचा आणि न्हाणीघरात जाऊन खळखळून, ऐकू जाईल अशा बेताने चुळा भरायचा. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं औषध आणि या चुळा, बस. दोन आठवड्यांत जीभ लालचुटुक झाली, घसा निवळला, आणि आवाज असा परत आला की जणू काही झालंच नव्हतं. ओळखीचे लोक रस्त्यात थांबवून मावशीचं अभिनंदन करायचे, शेवटी तुमच्या पथ्याला यश आलं म्हणायचे. ती कुणाला काही सांगायची नाही. सांगून हसं तिचंच झालं असतं.

कॅन्टीनमधला पहिला दिवस मात्र त्याआधीच उजाडला होता. मॅनेजरने नवा ॲप्रन दिला, जुन्या मदतनीस बायकांनी गळामिठ्या घातल्या. मावशीने पातेलं चढवलं, भाजी शिजत आली, तिखटाच्या डब्यात हात घातला, मूठ भरली. आणि हात पातेल्यावर जाऊन थांबला. निम्मी मूठ तिने परत डब्यात सोडली. मिठाचंही तसंच झालं. तळहातावर थेंब घेऊन चाटला, भिंतीकडे पाहिलं. तिला वाटलं, बरोबर आहे. थोडं जास्तच झालं की काय, अशी शंकासुद्धा आली.

बारा वाजता कामगार आले. मावशी परत आली म्हणून तीनशेच्या तीनशे आले, डबे आणलेलेही आले. ते आदराने जेवले, कुणी तक्रार केली नाही, आणि तेच तिला लागलं. पूर्वी ही माणसं जेवताना भांडायची, हसायची, नाक पुसत पुन्हा भाजी मागायची. आज सगळे पाहुण्याच्या घरी जेवल्यासारखे जेवत होते. मग एक जण संकोचत वाढणाऱ्या बाईकडे मीठ मागू लागला. मग त्याचा शेजारी. मग सगळी ओळ. बायका मुठी भरभरून मीठ घेऊन धावायला लागल्या. एक म्हातारा जॉबर, खात्याचा मुकादम, जो तिला सगळ्यात आधी मावशी म्हणाला होता, ताट ठेवताना हळूच जवळ आला.

"मावशी, घरी कुणी आजारी होतं का फार दिवस?"

ती होय म्हणाली. तो समजल्यासारखी मान हलवून गेला. मावशी पातेल्यापाशी उभी राहून पुन्हा एकदा चव बघत होती, आणि तिला त्या भाजीत काहीही कमी वाटत नव्हतं. तिची जीभ तिला खोटं सांगत होती, आणि त्या जिभेला खोटं बोलायला कुणी शिकवलं हे तिला नेमकं ठाऊक होतं.

महिना गेला तरी हात पुरता सुटला नाही. कधी भाजी खारट व्हायची, कधी पाणचट. कामगार सांभाळून घेत होते, पण मॅनेजरने दोनदा गोड शब्दांत विचारलं होतं. मदतनीस बाईला चव बघायला लावावी लागत होती, आणि ती चव बघत असताना मावशी दुसरीकडे तोंड करून उभी राहायची. एके दिवशी दुपारी पुन्हा मीठ वरून वाढावं लागलं होतं. उरलेली भाजी तिने डब्यात भरून घरी आणली आणि संध्याकाळी तीच सगळ्यांना वाढली.

लेक दोन घास खाऊन पाणी प्यायली, तिखट आहे म्हणाली. तिची जीभ पाणचट भोपळ्यावर वाढली होती, ती दुसरं काय म्हणणार. नवऱ्याने मोठा घास घेतला, चावला, आणि आपल्या त्या भरदार, लखलखीत आवाजात म्हणाला,

"छान झालीय भाजी. अगदी पूर्वीसारखी."

मावशीने विचारलं, "मीठ?"

"एकदम बरोबर."

"दुपारी याच भाजीवर अडीचशे माणसांनी वरून मीठ मागून घेतलं."

त्याचा हात ताटातच राहिला. लेक एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघू लागली. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"तेव्हाही माझ्या बऱ्यासाठीच गप्प बसला होतात का?"

मावशीने लेकीच्या ताटात अजून थोडा भात वाढला, भाजी कालवून दिली, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"यापुढे जेवण कसं झालंय ते मला सांगत जाऊ नका. मी बाहेर विचारून घेईन."